समुद्राकडे पाठ करून

माझी आई रोज सकाळी फोन करायची. मला नाही, अण्णांना. अण्णांचं टेबल माझ्या टेबलाला लागूनच होतं. फोन वाजला की ते तो स्पीकरवर टाकायचे, कारण हातात पेन धरायचं असायचं, आणि मग अख्ख्या ऑफिसला माझ्या आईचा आवाज ऐकू यायचा. “अण्णा, आज पानी वरच्या होड्यांना लागलं हां. वारा खालचा हाय.” अण्णा म्हणायचे, “व्हय मावशी, लिहितो.” आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहायचे. फोन ठेवता ठेवता आई विचारायची, “आमची आलीय का कामावर?” अण्णा माझ्याकडे बघून सांगायचे, “आलीय. चहा पितीय.” झालं! माझी चौकशी एवढीच.

तुम्हीच सांगा, कुणाचं पित्त खवळणार नाही?

बरं, अण्णा काही आमच्या गावचे नव्हेत, नात्याचे नव्हेत, कोकणातलेसुद्धा नव्हेत. ते मोशीचे. इंद्रायणीकाठचे शेतकरी. वाडवडील ज्वारी आणि कांदा काढत आले. मी रत्नागिरीकडच्या खारवी घरातली, बाप होडीवर गेला, आई मासळी सुकवून विकते, अंगाला समुद्राचा वास लहानपणापासूनचा. आणि आम्ही दोघं काम कसलं करायचो? तर किनाऱ्याचे आराखडे. म्हणजे समुद्र कुणाचा, ह्या प्रश्नाला आमच्या ऑफिसात एकच उत्तर असायला हवं होतं, आणि ते मी असायला हवी होते. नोकरीला लागताना आमच्या मॅडमनी मला तसं सांगितलंही होतं, “तू किनाऱ्यावरची आहेस, तुझा फार उपयोग होईल.” मी हुरळून गेले. पण माझ्या आधी तिथं अण्णा बसलेले होते.

ऑफिस कुठं, तर भोसरीच्या एमआयडीसीत. खाली गाळ्यात पॉवर प्रेस, दिवसभर धाड धाड, आणि वरच्या मजल्यावर आम्ही देशाचा किनारा सांभाळतोय. गुरुवारी एमआयडीसी बंद म्हणून आम्हीही बंद. नवा माणूस यायचा तो पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवून म्हणायचा, इथं काम कसं करता हो तुम्ही? अण्णा म्हणायचे, “लाटा समजायचं, राव.”

काम साधं नव्हतं. सरकारला किनाऱ्याचा आराखडा लागतो. भरतीचं पाणी कुठवर येतं, त्याच्यामागे किती जागा मोकळी सोडायची, होड्या कुठं लागतात, जाळी कुठं शिवतात, मासळी कुठं सुकते, खारफुटी कुठं आहे, हे सगळं नकाशावर दाखवायचं. नकाशावर असलं तर आहे, नसलं तर नाही. पुढं पन्नास लोक येऊन ओरडले तरी साहेब नकाशा उलगडून दाखवतो, अहो इथं तर काहीच नाही. म्हणून अण्णा म्हणायचे की आपण चित्रं काढत नाही, आपण साक्ष देतोय. असली वाक्यं ते फार टाकायचे. मॅडम ती वाक्यं बाहेरच्या मीटिंगमध्ये स्वतःची म्हणून वापरायच्या, आणि मी ती पाठ करून ठेवायचे, चिडण्यासाठी.

त्यांचं जेवण हा तर तमाशा होता. अण्णा घड्याळावर जेवायचे नाहीत. ज्या गावाचं काम हातात असेल, त्या गावाला ओहोटी लागली की डबा उघडायचा. तिथले लोक पाण्याच्या घड्याळावर जगतात, होडी भरतीला काढतात, कालवं ओहोटीला काढतात, मग त्यांचा नकाशा काढणाऱ्यानं एक वाजता डबा खाऊन कसं चालेल, असा त्यांचा सवाल. सकाळी आल्यावर तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, भरतीची वेळ काढायची, फळ्यावर मांडायची. हा हिशेब मला माझ्या आज्यानं शिकवला होता. पण मी तो कधी भोसरीत आणला नाही, आणि ह्यांनी आणला! त्यामुळे एका आठवड्यात अण्णा सकाळी कामावर आल्या आल्या जेवायचे आणि पुढच्या आठवड्यात चार वाजता. बाजरीची भाकरी, ठेचा, आणि तोंडाने समुद्र. खालच्या टपरीवरची काकू त्यांना चहा द्यायला वैतागायची. “तुमचं काय ते पाणी एकदा ठरवा ओ,” म्हणायची. अष्टमीच्या आसपास समुद्राला जोर नसतो, आम्ही त्याला भांग म्हणतो. त्या दिवसांत मॅडमनी मीटिंग लावली की अण्णा सगळ्यांसमोर म्हणायचे, “मॅडम, आज भांग हाय. आज काय निघणार न्हाई.” आणि नवल म्हणजे निघायचं नाही.

ते किनाऱ्यावर गेले की समुद्राकडे पाठ करून बसायचे. खरं सांगते. माणसं कुठून कुठून समुद्र बघायला येतात, आणि हा माणूस गळ्यात मफलर गुंडाळून, तोही कोकणच्या उकाड्यात, पुळणीच्या वाळूत बसकण मारणार आणि तोंड गावाकडे. पाण्यात त्यांनी पाय घातलेला मी कधी पाहिला नाही. मी एकदा हसले तर म्हणाले, “समुद्राकडं सगळेच बघत्यात, ताई. त्याचं काय जात न्हाई. जातंय ते जमिनीचं.”

आणि त्यांचं ते आवडतं वाक्य! ते तर मला झोपेतही ऐकू यायचं. नकाशावर कुणी ‘मोकळी जागा’ असं लिहिलेलं दिसलं की अण्णांचा पारा चढायचा. पेन आपटून म्हणायचे, “मोकळी जागा असं काय नसतंय. माणूस जेवायला गेलेलं असतंय.”

तर ह्याच वाक्यावरून पुढचं सगळं घडलं.

आमच्या तालुक्याच्या किनाऱ्याचा मसुदा दुसऱ्या कुठल्याशा संस्थेनं केला होता आणि गावागावाचे नकाशे तपासायचं काम आमच्याकडे आलं. त्यात माझं गाव. मी मॅडमना आधीच सांगून ठेवलं होतं की हे गाव मी करणार. मॅडम म्हणाल्या, “अर्थात. पण अण्णांनाही दाखव.” हे ‘पण’ मला सुपारीतल्या खड्यासारखं लागलं.

मी नकाशा उघडला. देऊळ बरोबर, खाडी बरोबर, होड्यांची जागा बरोबर. आणि देवळापुढे पुळणीच्या वरच्या अंगाला, जिथं आमच्या बायका जवळा, मांदेली, बांगडे सुकवतात, तिथं लिहिलेलं, मोकळी जागा. शेजारच्या पर्यटनाच्या कागदात त्याच जागेवर वाहनतळ आणि खाण्याच्या गाड्या दाखवलेल्या. ती जागा गेली तर माझी आई बसून खाणार काय? जवळा काही गच्चीवर सुकत नाही. त्याला शेणानं सारवलेली, उन्हात तापलेली जमीन लागते, आणि गावात तेवढी जमीन दुसरी नाही. मी तिथल्या तिथं हरकतीचा मजकूर लिहायला घेतला, इथं पिढ्यान् पिढ्या मासळी सुकते वगैरे. चांगला कडक लिहिला.

अण्णा मागं येऊन उभे राहिले. वरून घेतलेला फोटो बघत राहिले. मग म्हणाले, “हे कडक लिहून काय उपयोग? ते म्हणतील, फोटोत कुठाय मासळी?”

“त्या दिवशी नसेल,” मी म्हटलं.

“का नसंल?”

फोटो मार्चमधला, ऐन हंगामातला. ऊन कडक. मासळी असायलाच हवी होती. अण्णांनी पडद्यावर बोट टेकवलं. “ह्या जागेचा रंग बघ. बाकी पुळण पांढरी, आन् हे एवढं चौकोनी तपकिरी. कड कशी सरळ हाय. ही सारवलेली जमीन हाय, ताई. लहानपणी आमचं खळं आय सारवायची तसली.” आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “मोकळ्या जागेला कोण सारवतंय गं?”

त्यांच्या मागच्या खिळ्यावर मागच्या कित्येक वर्षांची तिथ्यांची कॅलेंडरं टांगलेली असायची. त्यातलं एक काढून त्यांनी फोटोची तारीख शोधली, बोट थांबलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, “तुमच्याकडं शिमग्यात मासळी घालत्यात का वाळत?”

शिमग्याला आमच्याकडे होड्या बाहेर जात नाहीत. बायका ती सगळी जागा झाडून, नव्यानं सारवून देतात, कारण देवाची पालखी तिथंच नाचते. गावचा सगळ्यात गजबजलेला दिवस तो, आणि त्या संस्थेच्या पोरांनी नेमका त्याच दिवसांतला फोटो उचलला, पालखी घरोघरी फिरायला गेलेली असताना. स्वच्छ जागा दिसली, लिहिलं मोकळी. तिथं मी जन्मापासून शिमगा खेळले, त्याच सारवणावर फुगड्या घातल्या, आणि ते मला दिसलं नाही. मोशीच्या माणसाला दिसलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या गावचं अण्णांनी ओळखलं म्हणून आनंद व्हायला हवा होता, तो झालाही असेल कुठंतरी खाली, पण वर आला तो जळफळाट.

मग अण्णा आमच्या गावाला गेले, मला घेऊन. खरं तर मी त्यांना घेऊन जाणार होते. महिनाभर आधी आईला सांगून ठेवलं होतं, ऑफिसातले एक जण येतायत, जरा आवरून ठेव. चिंचवडच्या स्टँडवर एस्टीला ही गर्दी. अण्णांनी खिडकीतून रुमाल टाकून माझी आणि त्यांची अशा दोन जागा धरल्या आणि वाटभर ह्याच विषयावर बोलत राहिले. “आमच्याकडं रुमाल टाकला की जागा आपली. कायदा हाय तो.”

गावात गेल्यावर त्यांनी आईला पहिला प्रश्न काय विचारला? घर कसं आहे नाही, तब्येत कशी आहे नाही. “मावशी, तुमी वाळवणीवर नेमक्या कुठं बसता?”

आई अशी फुलली! मला आठवत नाही मी तिला हे कधी विचारलं होतं. ती गुडघे धरत धरत त्यांना तिथं घेऊन गेली आणि तिनं सगळं सांगितलं. त्या जागेवर एक रेघ नाही, दगड नाही, पण प्रत्येक बाईची जागा ठरलेली. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे. शिमगा संपला, पालखी देवळात गेली की बायका शेणकाला घेऊन येतात. वस्तीतली थोरली काकी एकेका जागेपाशी उभी राहून विचारते, “ही जागा कुणाची?” ज्या बाईची असेल तिनं तिथं उभं राहून सांगायचं, “माझी.” आणि पहिला हात फिरवायचा. कुणी उभं राहिलं नाही तर शेजारणी ती जागा वाटून घेतात. भांडण नाही, काही नाही.

अण्णांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला. “म्हंजी रुमाल बी लागत न्हाई,” म्हणाले. डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं मला. मी म्हटलं, ही काय नाटकं.

“तू मला हे सगळं कधी सांगितलं नाहीस,” मी घरी आल्यावर आईला म्हटलं.

“तू इचारलंस कवा?” आई म्हणाली आणि अण्णांच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला. अण्णा माळकरी घरातले, मासळी खात नाहीत. तो बांगडा त्यांनी गुपचूप माझ्या ताटात सरकवला. माझ्या वाट्याला काय आलं म्हणाल तर हे.

आमची हरकत गेली, सुनावणी लागली, आणि सरकारचा मोठा साहेब पाहणीला कोणत्या दिवशी यावा ते अण्णांनीच सुचवलं. सुनावणीत कुणी भाषण करायचं नाही, फक्त साहेबाला जागेवर आणायचं, तेही हंगामात, उन्हं चढल्यावर. साहेब आला. जीपमधून उतरला, देवळापुढे आला आणि थबकला. जवळ्याचा गुलाबी गालिचा देवळाच्या पायरीपासून पुळणीपर्यंत, मध्ये मांदेली, कडेला खारवलेले बांगडे. पाय ठेवायला जागा नाही. साहेबांनी नकाशा उलगडला, नाकाला रुमाल लावला, आणि एक पाय उचलून कुठं टाकावा ते त्यांना कळेना. तेवढ्यात माझी आई ओरडली, “ओ सायब! माझ्या बांगड्यावर पाय पडतोय!” सगळ्या बायका खदखदून हसल्या. साहेबही हसले. नकाशावरच्या मोकळ्या जागेवर त्यांना उभं राहता येत नव्हतं, आणखी काय पुरावा लागतो! जाताना ते आमच्या मॅडमना म्हणाले, हे शब्द काढून टाका, मासळी सुकवण्याची जागा म्हणून दाखवा. मॅडमनी अण्णांचा हात हातात घेतला. आईनं अण्णांची दृष्ट काढली, अक्षरशः मीठमोहऱ्या घेऊन. आणि एवढं झाल्यावर अण्णा कुठं होते? समुद्राकडे पाठ करून बसले होते, वस्तीकडे बघत. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्या आईची जागा वाचली होती आणि मी कोपऱ्यात उभी राहून जळत होते, असला माझा स्वभाव!

त्यानंतर आईचे फोन सुरू झाले. पुढचा कामाचा हंगाम संपता संपता अण्णांनी राजीनामा दिला. मॅडम त्यांना नव्या कामाचं प्रमुख करणार होत्या. मला कळलं तेव्हा मनात पहिल्यांदा काय आलं असेल ते सांगायला नको. पण त्याच दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले आणि किल्ली ठेवली. “ताई, पुनावळ्यावरनं येतीस, रोज हायवेला अडकतीस. माझा मोशीतला फ्लॅट घे भाड्यानं.”

“आणि तुम्ही?”

“मी तुज्याकडं,” ते म्हणाले. “मावशीची पडवी मोकळीच हाय म्हणाल्या.” मग स्वतःच हसले. “मोकळी न्हाई म्हणा. तू यायची हाईस म्हणून ठेवलीय. तवर मी.”

अण्णांनी लग्न केलं नव्हतं. मागं होता तो एक भाऊ. तो मोशीच्या त्याच इमारतीत दुसऱ्या विंगला, जमीन गेल्यावर दोघांना एकेक फ्लॅट मिळालेला. अण्णा खरंच गेले, एक ट्रंक आणि ती सगळी कॅलेंडरं घेऊन. आईचे गुडघे आता तिला वाकू देत नव्हते, तर तिच्या जागेवर अण्णा सारवायला लागले. बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, पुरुष माणूस सारवतोय म्हणून. मग कुणीतरी म्हटलं, हात बघा केवढा सफाईचा, रेघ कशी उमटतेय. लहानपणी आईबरोबर खळं सारवलेला हात तो. आई मला फोनवर सांगायची, “तुज्यापेक्षा बरं सारवतात हां अण्णा.” माळकरी माणूस माझ्या आईच्या मासळीला उन्हात राखण बसायचा आणि कावळे हाकलायचा! आणि मी त्याच्या मोशीच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर, खालून बसचे हॉर्न, खिडकीतून इंद्रायणीवरचा फेस. रात्रपाळीचे लोक घरी येतात तेव्हा मी कामाला निघते. आता सांगा, कुणी कुणाचं काय घेतलं?

मागच्या शिमग्याला मी रजा टाकून गेले. कुणी बोलावलं नव्हतं, आईनं तर विचारलं, “कंपनीनं काढलं का काय तुला?” पण मी ठरवलं होतं. त्या जागेवर काकी विचारेल तेव्हा मी असणार. अण्णा असले तरी मी असणार. गाडीत बसल्यापासून मी मनातल्या मनात ‘माझी’ हा एकच शब्द घोकत होते.

पालखी देवळात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका घमेली घेऊन जमल्या. आई देवळाच्या पायरीवर बसलेली. थोरली काकी काठी टेकत एकेक जागा विचारत आली. माझी, माझी, माझी. आमच्या जागेवर अण्णा शेणकाल्याची बादली घेऊन उभे होते, लेंगा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. काकीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग विचारलं, “ही जागा कुणाची?”

माझ्या घशातून आवाजच निघेना. इतकं घोकून आले होते! अण्णांनी आईकडे पाहिलं. आईनं पायरीवरूनच आवाज टाकला, “माझ्या लेकीची!”

मी जिंकले. हो, तेव्हा मला अगदी असंच वाटलं. आणि मी अण्णांकडे बघितलं, बघायचंच होतं मला. ओठ हसत होते, पण डोळे हसत नव्हते. बादलीची कडी हातात आवळलेली, बोटं पांढरी पडलेली. हे तोंड मी ओळखत होते. सकाळी सकाळी आईचा फोन शेजारच्या टेबलावर वाजायचा तेव्हा वॉश-बेसिनवरच्या आरशात मला हेच तोंड दिसायचं.

आई पुढं म्हणाली, “पण ती उद्या जाईल गाडीनं. मासळी तुमीच बगायची, अण्णा. चला, हात मारा.”

बायका हसल्या. अण्णांनी बादली माझ्यापुढे ठेवली. पहिला हात मी फिरवला. वाकडा आला.

संध्याकाळी ते पुळणीवर बसले होते, तसेच, समुद्राकडे पाठ करून. मी शेजारी बसले, मीही पाठ केली, का कोण जाणे. मग अण्णा म्हणाले, “तुजं बरंय, ताई.”

“काय बरंय?”

“तुला कुणीतरी इचारलं. आमच्या खळ्याचं कुणी इचारलंच न्हाई. सुगी झालेली, खळं झाडून ठेवलेलं. मोजणीवाले आले, मोकळी जागा म्हणून लिहून गेले. आमी समदे बाजारला गेलो व्हतो. कुणी इचारलं असतं तर आय म्हणाली असती की, माजं हाय म्हणून. आय म्हणाली असती.” त्यांनी मफलरनं नाक पुसलं. “पहिल्या दिवसापासनं जळतोय मी तुज्यावर. मॅडम म्हणाल्या व्हत्या, किनाऱ्यावरची मुलगी येतीय. म्हणलं, हिला आपली जागा हाय. अजून हाय. आन् ही इथं भोसरीत प्रेसच्या डोक्यावर बसून चहा पितीय.”

मी म्हटलं, “अण्णा, तुमचं खळं नेमकं कुठं होतं?”

ते लगेच म्हणाले, वाट बघत असल्यासारखे, “बी विंगची लिफ्ट हाय ना, तिच्या उजव्या अंगाला. खांबापासून पाण्याच्या टाकीपतुर.”

दुसऱ्या दिवशी गाडी धरली. पोचले तेव्हा मोशीत भर दुपार. रिक्षावाल्याला गेटवरच सोडलं. जिन्याकडे न जाता मी सामान घेऊन पार्किंगमध्ये गेले. बी विंग, लिफ्टच्या उजव्या अंगाला, खांबापासून टाकीपर्यंत. पिवळ्या पट्ट्या मारलेल्या होत्या आणि गाडी नव्हती. मी तिथं मधोमध उभी राहिले. चपला काढल्या. काँक्रीट गार होतं. नखांत अजून शेण होतं माझ्या.

मागून हॉर्न वाजला. एक मोठी पांढरी गाडी आत शिरत होती. मी हलले नाही. पुन्हा हॉर्न. काच खाली झाली आणि आतला माणूस त्रासून म्हणाला, “ओ मॅडम, ही जागा कुणाची आहे माहितीये का?”

“माहितीये,” मी म्हटलं.